कंपनी विकल्यानंतर

२००५ सालच्या दिवाळीत बंगळूरहून हैदराबादला घरी जाण्यासाठी फणींद्र सामा या तरुण अभियंत्यांना बसचे तिकीट मिळाले नाही. एका दलालाकडे जागा नसे, तेव्हा दुसऱ्याकडे ती रिकामी असे. पण हे प्रवाशाला सांगणार कोण? दलालांचा सारा हिशेब वहीत आणि दूरध्वनीवर. या अडचणीतूनच २००६ साली त्यांनी मित्रांसह ‘रेडबस’ काढली. २०१३ साली ती विकली गेली आणि पुढे सामा तीतून बाहेर पडले.

हाती पैसा होता, वय फारसे झाले नव्हते. दुसरी कंपनी काढणे हा मळलेला मार्ग होता. सामा मात्र २०१८ साली तेलंगण सरकारचे मुख्य नवोपक्रम अधिकारी झाले. काल ज्याच्या शब्दावर कारभार हलत असे, त्याने आज टिपणी, शेरा आणि मंजुरी यांच्या राज्यात यावे, हे धाडस कंपनी काढण्याहून लहान नव्हे; कचेरीचा स्वभाव जाणणाऱ्यांना ते सांगायला नको. तेथे ‘इंटिंटा इनोव्हेटर’, म्हणजे घरोघरी संशोधक, हा उपक्रम निघाला. २०१९ सालच्या स्वातंत्र्यदिनी जिल्ह्याजिल्ह्यांत सामान्य माणसांनी घरी घडवलेली उपकरणे लोकांपुढे मांडली. त्यांतले एकही सामांच्या मालकीचे नव्हते.