तळपायांची विद्या



बँकॉकच्या वाट फो विहारात देहातील रेषा व दाबबिंदू दाखविणारे साठ शिलापट्ट आहेत. तिसऱ्या रामाच्या कारकीर्दीत (१८२४-५१) ते कोरविले गेले. ह्या विद्येचा आद्यगुरू म्हणून थाई लोक बुद्धाच्या वैद्यास, आपल्या मगधातील जीवकास, मानतात. त्याला वंदन करून मगच मर्दनास आरंभ करण्याची रीत आहे. तळहात अंगठ्याने दाबतात, तळपायांस लाकडाची लहान दांडीही लावतात. २०१९ साली युनेस्कोने ‘नुआद थाई’स वारसायादीत स्थान दिले.

तेथे परक्याच्या हाती पाय देताना आम्हांस, खरे सांगावयाचे तर, फार संकोच वाटला. आणि मग काशाची वाटी आठवली. आई तूप लावून त्या वाटीने वडिलांचे तळपाय घाशीत असे. अखेरच्या आजारात तिचेही तळपाय जळजळत. वाटी फळीवरच होती. आम्ही मात्र दिल्लीस फायलींत होतो.