गाडी, घाट आणि कोकमाची बरणी



निवृत्तीनंतर मला दोनच नाद राहिले, जुनी येझदी आणि कोकम. दर मे महिन्यात कराडहून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणहून रातांबे आणायचे आणि आपल्या गच्चीवर बरण्या मांडायच्या.

रातांबे धुऊन कोरडे पुसावेत, बिया काढाव्यात, सालांच्या वाट्यांत वजनाच्या दुप्पट साखर भरावी, बरणीला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवावी. साखर कमी पडली की अमृतकोकम आंबतं. एका वर्षी मी साखरेला हात आखडला, भर दुपारी बाटलीचं बूच उडालं आणि बिल्डिंगभर झालं, "बँकवाले काका दारू गाळतात!"

गेल्या मे महिन्यात घाटातल्या वळणावर समोरचा ट्रक मला उशिरा दिसला. झालं काही नाही. पण घरी आल्यावर किल्ली सूनबाईच्या हातात दिली. ती म्हणाली, "बाबा, दोन दिवसांत परत मागाल." मागितली नाही. गाडी मात्र रोज पुसतो.

यंदा रातांबे एस.टी.ने आले. बरण्या गच्चीवर न्यायला आपल्या सोसायटीतली चार पोरं आली. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षी आम्ही करू?"

करा बाळांनो. फक्त साखरेला हात आखडू नका.