जिवाचा घोर डॉक्टरांना कसा सांगायचा

आम्ही गटातर्फे आरोग्याचं काम बघणाऱ्या बायका. आज एका अशा दुखण्याबद्दल बोलू, जे एक्स-रेत दिसत नाही आणि थर्मामीटरवर चढत नाही. त्यामुळं घरातली माणसं त्याला दुखणं मानत नाहीत, आणि कधीकधी दवाखान्यातही कुणी मानत नाही.

छातीत धडधडतंय. हातापायाला मुंग्या येतात. घशात काहीतरी अडकल्यागत होतंय. रात्री दोनला जाग येते आणि उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. पोरगं शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की पोटात गोळा येतो. गटाच्या बैठकीत हे ऐकलं नाही असा महिना जात नाही.

आता कुणी म्हणेल, काळजी कुणाला नाही? पावसाची आहे, उसाच्या बिलाची आहे, पोरीच्या लग्नाची आहे. खरं आहे. काळजी हा आजार नव्हे. मग आजार कधी म्हणायचा? आपल्या राधानगरी धरणाचं बघा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला, पाणी ठरलेल्या पातळीला आलं, की ते आपोआप उघडतात. आपल्या शरीरातही असाच दरवाजा आहे. समोर गवा आला तर काळीज धडधडतं, अंगाला घाम फुटतो, पाय पळायला तयार होतात. ते आपल्या रक्षणासाठीच आहे. पण तलाव अर्धा असतानाच, दिवसातून चार वेळा दरवाजे उघडायला लागले तर? बिघाड दरवाज्यात आहे हे आपण ओळखू. तिथं तलावाला ‘धीर धर’ म्हणून भागत नाही. या आजाराला डॉक्टर चिंताविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ साली जगात ३० कोटींहून जास्त लोकांना तो होता, आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्याचं प्रमाण जास्त आहे. उपचार मात्र चारांतल्या जेमतेम एकाला मिळतात.

उपचार का मिळत नाहीत, हे आपल्याच अनुभवावरून सांगतो. आमच्या गटातल्या एक ताई वर्षभर दवाखान्यात जात होत्या. जाऊन सांगायच्या, “डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय.” सलाईन लागायचं. पुढच्या खेपेला गॅसची गोळी मिळायची. एकदा ईसीजी काढला, तो चांगला आला. “काही नाही, टेन्शन घेऊ नका,” म्हणून घरी पाठवलं. घरी सासूबाई म्हणाल्या, “बघ, डॉक्टरच म्हणतोय काही नाही.” त्या दिवसापासून ताईंनी सांगणंच सोडून दिलं. दुखणं होतं तिथंच राहिलं, आणि वर खोटारडेपणाचा शिक्का बसला. पुढं पुढं त्या एसटीत बसेनात, बाजारला जाईनात, गटाच्या बैठकीलाही येईनात.

ओपीडीत शंभर माणसं रांगेत असतात. डॉक्टरांकडं आपल्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. त्यात आपण अशक्तपणा सांगितला तर ते अशक्तपणाचंच औषध देणार. म्हणून ती दोन मिनिटं कशी वापरायची ते ठरवून जायचं.

पहिली गोष्ट, मुख्य तक्रार आधी सांगायची. गुडघा, पित्त, कंबर हे सगळं सांगून झाल्यावर उठताना “आणि जरा घाबरल्यागत हुतंय” असं म्हणायचं नाही. बसल्या बसल्या म्हणायचं, “मी जिवाच्या घाबरेपणासाठी आले आहे.”

दुसरी गोष्ट, आकडा सांगायचा. “लई दिवस झाले” यातून काही कळत नाही. “दिवाळीपासून होतंय, आठवड्यातून चार वेळा, एकदा सुरू झालं की अर्धा तास राहतं,” हे कळतं. आठ दिवस एका कागदावर टिपून ठेवा. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण करा, किंवा लेकीला लिहायला सांगा.

तिसरी गोष्ट, काय बंद पडलं ते सांगायचं. “रोपलावणीला जाता येईना.” “चुलीवर दूध ठेवलेलं ध्यानात राहीना.” “एकटीला मोरीत जायची भीती वाटती.” नुसता त्रास सांगितला तर तो लहान वाटतो. अडलेलं काम सांगितलं की त्याचं वजन कळतं.

डॉक्टरांकडं यासाठी सात प्रश्नांची एक यादी असते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस घाबरल्यासारखं, ताणल्यासारखं वाटलं? काळजी थांबवता आली नाही? वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी वाटली? निवांत बसता आलं नाही? एका जागी बसवेना? चिडचिड झाली? काहीतरी वाईट होणार अशी भीती वाटली? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर पुढं नीट तपासायला हवं असं धरतात. यावरून घरी आपणच आजार ठरवायचा नाही. पण “डॉक्टर, ते सात प्रश्न मला विचारा” असं म्हणायला हरकत नाही.

रक्त तपासायला सांगितलं तर कंटाळू नका. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते. तपासण्या चांगल्या आल्या आणि “काही नाही” असं उत्तर मिळालं, तर उठायचं नाही. शांतपणे विचारायचं, “हृदय चांगलं आहे हे ऐकून बरं वाटलं. मग मला हे कशानं होतंय? मला मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्याल का?” हा भांडणाचा प्रश्न नव्हे. चिठ्ठी मागणं आपला हक्क आहे.

आता जायचं कुठं? सुरुवात गावातल्या आशाताईंपासून किंवा उपकेंद्रापासून करा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडं रोज नसतात. म्हणून कोणत्या वारी येतात ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे रोजगार बुडवून फुकट खेप होणार नाही. चिठ्ठी मिळाली तर कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर आहे. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास आहे. सकाळची पहिली एसटी धरा, जुने कागद एका पिशवीत घ्या, आधारकार्ड घ्या, आणि केसपेपरच्या रांगेत लवकर उभ्या राहा. खासगी डॉक्टरांकडं जाणार असाल तर फोनवर नंबर लावतानाच “पहिलीच वेळ आहे, जरा जास्त वेळ लागेल” असं सांगून ठेवा.

आणि जाणं जमतच नसेल, पाऊस आहे, घरचे सोडत नाहीत, तर फोन आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.

सोबत कोण येणार हेही ठरवा. नवरा किंवा सासूबाई आल्या तर पुष्कळदा डॉक्टर विचारतात आपल्याला आणि उत्तर देतात त्या. त्यांना बाहेर काढायला आपल्याला संकोच वाटतो. मग डॉक्टरांनाच म्हणा, “मला दोन मिनिटं एकटीला बोलायचं आहे.” घरात मारहाण असेल, दारूचा त्रास असेल तर हे फार गरजेचं आहे. गटातली मैत्रीण सोबत नेली तर आणखी बरं. डॉक्टर काय म्हणाले ते दोघींत मिळून ध्यानात राहतं.

“केसपेपरवर मानसोपचार असं लिहिलं तर पोरीचं लग्न जमेल का?” हा प्रश्न आम्हाला दर वेळी ऐकू येतो. ही भीती खोटी नाही, माणसं बोलतात. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की सरकारी सेवेत हा उपचार मिळणं आपला हक्क आहे, आणि आपल्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्याचं कर्तव्य आहे. शिवाय पोरगी आईला रोज थरथरताना बघते, त्याचं काय? तिला काय शिकवायचं, लपवायचं की बरं व्हायचं?

औषधाबद्दल थोडं. काही जणींना नुसत्या समुपदेशनानं गुण येतो, काहींना गोळ्याही लागतात. बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. तात्काळ शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, शेजारणीच्या घेऊ नका. देवाला नारळ ठेवायला आमची हरकत नाही. पण उताऱ्यावर हजार रुपये जाण्याआधी केसपेपर काढा.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. छातीत दाबल्यागत दुखून कळ हाताकडं किंवा जबड्याकडं गेली, दरदरून घाम सुटला, चक्कर आली, तर घाबरेपणा आहे म्हणून बसू नका, १०८ ला फोन करा. आणि जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी कुणालातरी सांगा, दवाखाना गाठा किंवा १४४१६ लावा. अशा घरातलं तणनाशक, कीटकनाशक शेजारच्या घरी कुलपात ठेवा. कुणी बाई असं बोलली तर “असं बोलू नये” म्हणून तिचं तोंड बंद करू नका. तिच्याजवळ बसा.

त्या ताईंसोबत पुढं गटातल्या दोघी गेल्या. कागदावर टिपलेलं घेऊन गेल्या आणि चिठ्ठी मागितली. आता उपचार चालू आहेत. धडधड पुरती गेली नाही, पण त्या बाजारला जातात, आणि हप्ता भरायला स्वतः येतात.

पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की पाच मिनिटं ठेवा. “झोप लागते का गं?” एवढंच एकमेकींना विचारा. आणि जिला लागत नाही, तिच्यासोबत कोण जाणार ते तिथंच ठरवा. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, १४४१६.