चरित्रें कशीं पारखावीं? इराणचे कांहीं थोर पुरुष

(एका ग्रामवाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून कांहीं मंडळी दाराशींच हंसली, हें आम्हीं पाहिलें. इराण कोठें आणि आपण कोठें? इराणी म्हणजे कोपर्‍यावरचा चहावाला. त्यापलीकडे त्याचा आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, थोर पुरुषांचीं चरित्रें पारखण्याची संवय परक्या माणसांवर लावून घेणें सोपें जातें. आपल्या दैवतांविषयीं बोलूं लागलें कीं निम्मी सभा रागावते, निम्मी टाळ्या पिटते आणि विचार कोणीच करीत नाहीं. इराणच्या वजिरावर येथें कोणाची मालकी नाहीं. डोकें थंड ठेवून त्याचें माप घेतां येईल.

बाजारांत जोंधळा घेतांना आपण पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून भाव करीत नाहीं. हात कोपरापर्यंत आंत घालतों, बुडचे दाणे काढतों, चावून पाहतों. मडकें घेणारी बाई तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. छापील पुस्तक मात्र हातीं आलें कीं आपण तें डोक्याला लावून मोकळे होतों! ज्या पुस्तकावरून आपलीं मुलें कोणाला मोठें म्हणावें हें शिकणार, तेंच तेवढें न वाजवतां घरांत येतें.

आधीं माणूस सांगतों, मग त्याचीं चरित्रें. इराणांत अराक शहराजवळ हजावे नांवाचें गांव आहे. तेथला करबलाई कुर्बान हा काइम-मकाम नांवाच्या मोठ्या मुत्सद्दी घराण्यांत आचारी होता. त्याच्या पोटीं १८०७ च्या सुमारास मिर्झा तकी खान जन्मला. चुलीच्या धुरांत वाढलेला हा पोर पुढें कारकून झाला, रशियाला गेलेल्या शिष्टमंडळांत गेला, तुर्कांशीं सरहद्दीच्या वाटाघाटींत बसला आणि १८४८ सालीं कोवळ्या नासिरुद्दीन शहाला तबरीझहून तेहरानला आणून स्वतः त्याचा मुख्य वजीर झाला. लोक त्याला अमीर कबीर म्हणूं लागले. शहाची बहीण त्याला दिली. त्यानें दरबारी खुशालचेंडूंचे तनखे कापले, देवी टोंचण्याची व्यवस्था केली, १८५१ सालीं सरकारी वर्तमानपत्र काढलें आणि दारुल्फुनून नांवाची नव्या विद्यांची शाळा उभारली. पण तनखे कापलेल्यांनीं व शहाच्या आईनें शहाचे कान भरले. १८५१ च्या नोव्हेंबरांत तो पदावरून निघाला. शाळा उघडली तेव्हां तो काशानला नजरकैदेंत होता. १८५२ च्या जानेवारींत तेथल्या फीन बागेच्या हमामखान्यांत शहाच्या हुकुमानें त्याच्या शिरा कापून त्याला ठार केलें.

आतां पोत्यांत हात घालूं.

दरबारची जी बखर त्या वेळीं लिहिली गेली तींत अमीर आजारानें मेला असें आहे. त्यानेंच सुरू केलेल्या सरकारी पत्रांतही त्याच्या दुखण्याचीच बातमी आली. खून करणार्‍याच्या पगारावर बखर लिहिली म्हणजे मेलेला माणूस आजारीच असतो! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पण एवढ्यावर थांबूं नका. पुढची गोष्ट याहून मासलेवाईक आहे.

काशानच्या हमामखान्यांत शहाचा हुकूम घेऊन जो अधिकारी गेला, त्याचें नांव हाजी अली खान. त्याचा मुलगा महंमद हसन खान, पदवीनें इतिमादुस्सल्तना. हा शहाच्या पदरीं वाढला, फ्रान्सांत शिकला आणि इराणचा मोठा दरबारी इतिहासकार झाला. काजार घराण्याच्या मुख्य वजिरांचीं चरित्रें त्याच्याच नांवावर आहेत. म्हणजे मारलेल्याचें चरित्र मारणार्‍याच्या मुलाच्या नांवावर! असें पुस्तक फेंकून द्यावें काय? नाहीं. सावकाराची वहीही आपण फेंकीत नाहीं. कोर्टांत तीच कामास येते. मात्र ती सावकारानें लिहिली आहे हें क्षणभर विसरूं नये.

याच इतिमादुस्सल्तनानें १८८१ पासून १८९६ पर्यंत घरीं एक रोजनिशी ठेवली होती. तिचा बराचसा भाग तो सांगे व त्याची बायको लिहून घेई. ती छापण्यासाठीं नव्हती. छापील पुस्तकांत शहा म्हणजे जगाचा आधार. रोजनिशींत तोच शहा, तीच शिकार, तींच मांजरें, तीच लांचलुचपत, आणि लिहिणार्‍याचा दाबून ठेवलेला संताप. माणूस एक, लेखणी एक, पण दारें दोन. कोणत्याही चरित्राबद्दल पहिला प्रश्न हाच करावा: हें कोणाच्या डोळ्यांदेखत लिहिलें? धनी वाचणार म्हणून लिहिलें, कीं कोणीच वाचणार नाहीं म्हणून?

दरबार बुडाला म्हणजे चरित्रें आपोआप खरीं होतात असेंही नाहीं. १९४४ च्या सुमारास फरेदून आदमीयत या तरुण विद्वानानें अमीर कबीराचें नवें चरित्र लिहिलें. त्यानें दप्तरें चाळलीं आणि कागदांवर बोट ठेवून लिहिलें. हें त्याचें ऋण मोठें. पण तो राष्ट्रवादी. त्याला इराणला उठवणारा वीर हवा होता, तसा तो सांपडला. १९६७ सालीं हाशिमी रफसंजानी या मौलवीनें पुन्हां त्याच अमीरावर पुस्तक लिहिलें. हेच पुढें १९८९ ते १९९७ इराणचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुस्तकांतला अमीर हा परकी साम्राज्याशीं झुंजणारा. उलट बहाई पंथाच्या इतिहासांत हाच अमीर अत्याचारी वजीर आहे. कारण त्यांचे पूज्य बाब यांना १८५० च्या जुलैंत तबरीझला गोळ्या घातल्या, त्या अमीराच्याच हुकुमानें. १९९७ सालीं अब्बास अमानत यांनीं नासिरुद्दीन शहाचें चरित्र इंग्रजींत काढलें, त्यांत दोघेही माणसासारखे दिसतात: वजीर कर्तबगार आणि हट्टी, शहा दुबळा आणि घाबरलेला.

शाळा काढणारा तोच आणि बाबांना मारणाराही तोच. जें चरित्र यांतली एकच गोष्ट सांगतें तें पुरें नाहीं, मग तें शत्रूचें असो वा भक्ताचें.

येथें आम्हांला आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. आचार्‍याचा मुलगा वजीर झाला हें ऐकतांच तुम्ही मघाशीं सांवरून बसलांत. आम्हांलाही तें वाचून आनंदच झाला. पण हा आनंदच आपल्याला फसवतो. मुलांच्या पुस्तकांत एक गोष्ट आहे: तकी मालकाच्या मुलांचें जेवण घेऊन जाई, शिकवणी चालू असतां दाराआड उभा राहून ऐके, आणि एके दिवशीं मालकानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मालकाच्या मुलांना न येतां यालाच आलें. गोड गोष्ट आहे. खरी असेल, नसेल. काइम-मकामाच्या पत्रांत मात्र करबलाई कुर्बानच्या या मुलाच्या हुशारीचें कौतुक आहे. पत्र ही एक वस्तु, दाराआडची गोष्ट ही दुसरी. गरिबाघरचा म्हणून त्याच्या सार्‍या गोष्टी खर्‍या धरल्या, तर मोठ्या घरचा म्हणून धरणार्‍यांत आणि आपल्यांत फरक काय राहिला?

दुसरा माणूस घेऊं: रेझा शहा. माझंदरान प्रांतांतल्या अलाश्त गांवचा, लहानपणींच बाप गेलेला, कझाक पलटणींतला शिपाई. १९२१ सालीं त्यानें तेहरान घेतलें, १९२५ सालीं तो शहा झाला. त्याच्या कारकीर्दींत निघालेल्या पुस्तकांत त्याचा सर्वांत मोठा पराक्रम कोणता? आगगाडी. कास्पियन समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत, डोंगर पोखरून, सुमारें १४०० किलोमीटर रस्ता १९३८ सालीं पुरा झाला, आणि तोही परदेशाचें कर्ज न काढतां. हें खोटें नाहीं. पण कर्ज काढलें नाहीं तर पैसा आला कोठून? चहा आणि साखर यांवरच्या पट्टींतून! इराणांत चहासाखर हें गरिबाचें निम्में जेवण. रोटीबरोबर दुसरें कालवण नसेल तेव्हां गोड चहा. म्हणजे ज्यानें कधीं गाडींत पाय ठेवला नाहीं अशा गुराख्यानें दर घोटागणिक त्या रुळांचा पैसा भरला. चरित्रांत ‘शहानें आगगाडी बांधली’ एवढेंच वाक्य असतें. घरचा हिशेब ठेवणारी कोणतीही बाई विचारील, पैसे कोणी दिले? एवढा प्रश्न चरित्रकाराला सुचूं नये?

आणि हाच शिपाईगडी राज्य सोडतांना देशांतला सर्वांत मोठा जमीनदार होता. उत्तरेकडच्या सुपीक प्रांतांतलीं हजाराहून अधिक गांवें त्याच्या खाजगी मालकीचीं झालीं होतीं. कांहीं नांवाच्या किंमतीनें घेतलेलीं, कांहीं दाबून. १९४१ च्या ऑगस्टांत इंग्रज व रशियन फौजा इराणांत शिरल्या आणि सप्टेंबरांत त्यानें गादी सोडली. जातांना सारी मालमत्ता मुलाच्या नांवें करून दिली. मग इंग्रजांनीं त्याला ‘बांद्रा’ नांवाच्या बोटीवर चढवून मुंबईच्या समुद्रांत आणलें, पण किनार्‍यावर पाय ठेवूं दिला नाहीं. तेथून दुसर्‍या बोटीनें मॉरिशसला, पुढें जोहान्सबर्गला. तेथें तो १९४४ सालीं वारला. तो गेला मात्र, आणि तेहरानच्या छापखान्यांतून उलटा वारा सुटला. काल जो देशाचा उद्धारक तो आज निव्वळ चोर. आगगाडी तर होतीच, आणि हिसकलेलीं गांवेंही होतींच. दोन्ही एका पुस्तकांत लिहायला कोणाचा हात धजेना. सोळा वर्षें भीतीनें लिहिलें, मग सुडानें लिहिलें.

मोसद्दिकांचें थोडक्यांत सांगतों. हे जन्मानें काजारांच्या नात्यांतले, घरचे गडगंज. त्यांचीं चरित्रें तेलावरच थांबतात, कारण १९५१ सालीं त्यांनीं इंग्रज कंपनीकडून तेल काढून घेतलें आणि १९ ऑगस्ट १९५३ ला त्यांना उलथून पाडलें. शहाच्या अमदानींत, म्हणजे १९७९ पर्यंत, त्या दिवसाला ‘राष्ट्राचा उठाव’ म्हणून छापीत. अमेरिकेच्या हेरखात्यानें आपला त्यांत हात असल्याचें सांगणारा कागद २०१३ सालीं बाहेर आला. हें बहुतेक पुस्तकांत सांपडेल. पण १९५२ सालीं याच उमरावानें असा हुकूम काढला कीं, जमीनदारानें आपल्या वांट्यांतून शेंकडा वीस सोडावे, त्यांतले निम्मे कुळाला व निम्मे गांवाच्या पंचायतीला द्यावे. हें किती चरित्रांत पुढच्या पानांवर येतें, तें पाहा. तेल शहरांत जळतें म्हणून त्याचें नांव मोठें, वांटा खळ्यावर पडतो म्हणून तो टीपेंत!

आतां भगिनींसाठीं म्हणून नव्हे, सर्वांसाठींच, अमीर कबीराच्या घराकडे पुन्हां वळूं. त्याची बायको इज्जतुद्दौला, शहाची सख्खी बहीण, नवर्‍याबरोबर काशानला गेली. विषाच्या भीतीनें ती त्याच्याआधीं जेवण चाखून पाही असें सांगतात. नवरा मारला गेल्यावर तिचें दुसरें लग्न लावलें, कोणाशीं? नवर्‍याच्या जागीं बसलेल्या वजिराच्या मुलाशीं. चरित्रांत तिला दोन ओळी मिळतात. तिची मुलगी राजघराण्यांत दिली, आणि त्या मुलीचा मुलगा महंमद अली हा १९०७ सालीं शहा झाला. १९०६ सालीं लोकांनीं झगडून मिळवलेल्या लोकसभेवर १९०८ च्या जूनमध्यें तोफा डागल्या त्या यानेंच. कर्तबगार वजिराचा सख्खा नातू! रक्तानें कांहीं उतरत असेल असें म्हणणार्‍यांनीं हें एक कुळ तपासावें.

त्या शहाविरुद्ध तबरीझ शहर उठलें. कोणाच्या मागें? सत्तार खान हा घोड्यांचा व्यापारी. बाकर खान हा गवंडी. बहुतेक मोहल्ल्यांनीं पांढरीं निशाणें लावलीं असतां सत्तार खान थोडे स्वार घेऊन निघाला आणि तीं निशाणें उतरवीत गेला. शहरानें वेढ्यांत उपास काढले, कित्येकांनीं गवत खाल्लें. १९०९ च्या जुलैंत शहाला गादी सोडावी लागली. मग दोघांना तेहरानला नेऊन मानाच्या पदव्या दिल्या, आणि १९१० च्या ऑगस्टांत, लोकांच्या नांवानें चालणार्‍या सरकारनेंच हत्यारें काढून घेण्यासाठीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सत्तार खानाच्या पायाला गोळी लागली. तो १९१४ सालीं गेला. त्यानंतरच्या बर्‍याच पुस्तकांत राज्यक्रांति केली ती सरदारांनीं, वकिलांनीं आणि वजिरांनीं.

ही चूक उलटी करून दाखवली ती अहमद कसरवी यानें. तबरीझच्या हुकमाबाद या साध्या वस्तींतला हा माणूस. वेढ्याच्या वेळीं पोरसवदा होता. तीस वर्षें झालीं तरी खरा इतिहास कोणी लिहीना, म्हणून त्यानें तो आपल्या मासिकांतून लिहावयास घेतला. वाचकांनीं आठवणी आणि छायाचित्रें पाठविलीं. काम केलें तें नांव नसलेल्यांनीं आणि श्रेय घेतलें तें नांववाल्यांनीं, हें त्याचें दुखणें होतें. म्हणून तो मोहल्ला सांगतो, धंदा सांगतो, कोण कोणत्या दिवशीं पडला तें सांगतो. सत्तार खान लिहूंवाचूं न शकणारा, तापट, हेंही लपवीत नाहीं. कसरवीलाही वाजवून पाहा. तो पराकाष्ठेचा एककल्ली. कवींवर, सूफींवर, मौलवींवर, बहाईंवर सारखाच तुटून पडे, आणि त्याचे अनुयायी न आवडणारीं पुस्तकें आगींत टाकीत. जाळणार्‍याच्या हातीं इतिहास दिला तर सांवध राहिलेंच पाहिजे.

११ मार्च १९४६ रोजीं तेहरानच्या कोर्टांत, न्यायाधिकार्‍यासमोर, धर्मवेड्यांनीं त्याचा खून केला. मारेकरी सुटले. त्याचें पुस्तक मात्र पुढें अनेक वेळां छापलें गेलें, आणि तें छापणार्‍या तेहरानच्या प्रकाशनसंस्थेचें नांव आहे ‘अमीर कबीर’.