कुठला फोटो हुकला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिलाय, 'नवीन कॅमेरे : कोणता घ्यावा?' आधीच सांगतो, मी कॅमेरे विकत नाही आणि फोटोग्राफी हा माझा व्यवसायही नाही. २००० साली इथे राहायला आलो तेव्हा माझ्या गळ्यात याशिका एमएफ-२ होता आणि सोसायटीच्या पहिल्या सत्यनारायणाचे फोटो मी काढले. तेवढ्या भांडवलावर गेली पंचवीस वर्षं लोक मला लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" आणि मी उलट विचारतो, "तुमचा कुठला फोटो हुकला?"

या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे खर्च करू नका. तुमच्या खिशातला मोबाईल उत्तम आहे. वाढदिवस, सहल, गच्चीवरची कोजागिरी, सगळं तो छान टिपतो. रात्रीच्या फोटोत तो एकापाठोपाठ अनेक चित्रं घेऊन त्यांचं एक करतो, म्हणून अंधारातलं देऊळही उजळ दिसतं. पण देऊळ हलत नाही. नात हलते.

तिथून बी-विंगच्या काकूंची गोष्ट सुरू होते. त्यांच्या नातीचं भरतनाट्यम होतं. मुलाने त्यासाठी कॅननचा आर५० आणला. कॅमेरा चांगला आहे, बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम, २४ मेगापिक्सेल, शिकायला सोपा. घरी आल्यावर पाहतात तर स्टेजवरचे खांब स्पष्ट, नटराज स्पष्ट आणि नातीचे हात म्हणजे धूर. काकू मला म्हणाल्या, "फसवलं हो आम्हाला दुकानदाराने." दुकानदाराने फसवलं नव्हतं. कॅमेऱ्याबरोबर जी १८-४५ ची लेन्स येते, ती पुढे ओढल्यावर तिचं तोंड एफ ६.३ इतकंच उघडतं. प्रकाश कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि तेवढ्यात नात एक मुद्रा करून दुसरीवर गेलेली असते. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपला हात हलला तर सांभाळून घेते. समोरचा माणूस हलला तर ती काहीही करू शकत नाही. विकणारे लोक हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय.

उपाय नवा कॅमेरा हा नव्हता. उपाय होता ५० मिलीमीटरची एफ १.८ ची लेन्स. १६० ग्रॅम वजन, झूम नाही. पण ६.३ ला १.८ ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा, बारा येतात. बारापट प्रकाश! जिथे शटर एक तीसांश सेकंद उघडं ठेवावं लागत होतं, तिथे आता एक तीनशे साठांश पुरतं. पुढच्या कार्यक्रमाला काकू तिसऱ्या रांगेत बसल्या आणि नातीच्या बोटांवरचा अळता मोजता येईल असे फोटो आले. फ्लॅशचं म्हणाल तर कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोहोचतो. दहाव्या रांगेतून मारलात तर पुढच्या लोकांची टकलं तेवढी उजळतात.

याच गटात निकॉनच्या झेड५० ची दुसरी आवृत्ती येते. २०२४ च्या अखेरीस आली. मी मित्राकडची आठवडाभर वापरली. मेगापिक्सेल थोडे कमी, २१ च्या आसपास, वजन साधारण ५५० ग्रॅम. मेगापिक्सेलच्या फरकाकडे लक्ष देऊ नका, छापल्यावर तो कुणालाही दिसणार नाही. फरक आहे तो हातात धरण्यात. निकॉनची पकड भरीव आहे आणि शटर आणि अ‍ॅपर्चर बदलायला दोन वेगळी चाकं आहेत. आर५० ला एकच चाक आहे. स्वयंचलितवर ठेवून फोटो काढणार असाल तर आर५० हलका आणि पुरेसा. हळूहळू शिकत जायचं असेल तर निकॉन घ्या, वर्षाने कंटाळा येणार नाही. स्थिरीकरण दोघांच्याही बॉडीत नाही. पैसे वाचवून पहिली खरेदी त्या एफ १.८ च्या लेन्सची करा, हे दोघांनाही लागू.

आता आपले पक्षीमित्र. (हसू नका, ते पहिल्याच रांगेत बसलेत.) निवृत्तीनंतर त्यांना ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचं वेड लागलं. ऐरोलीहून बोट सुटते, पक्षी लांब असतात आणि मोबाईलमध्ये येतात ते गुलाबी ठिपके. त्यांनी निकॉनचा पी१००० पसंत केला होता. आता त्याचाच नवा अवतार पी११०० आलाय. १२५ पट झूम, म्हणजे ३००० मिलीमीटरपर्यंत! पौर्णिमेचा चंद्र चौकट भरून येतो. त्या आकड्याची भूल मलाही पडली होती. पण एवढा झूम लहान अंगात बसवायचा तर सेन्सर नखाएवढा ठेवावा लागतो. आत्ता सांगितलेल्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या दहापटींहून जास्त आहे. लख्ख उन्हात, पक्षी एका जागी उभा असेल तर पी१००० कमाल करतो. पहाटेच्या उजेडात, हलत्या बोटीतून, थवा उडाला की त्याची दमछाक होते.

मी त्यांना सुचवलं कॅनन आर७ आणि १००-४०० ची हलकी लेन्स. त्या सेन्सरवर तिची पोच ६४० मिलीमीटरच्या बरोबरीची होते. ३००० पुढे ६४० म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण ३२ मेगापिक्सेल असल्याने फोटो नंतर कापता येतो, पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो आणि बॉडीतच स्थिरीकरण आहे. आणि गंमत म्हणजे वजन! आर७ ६१२ ग्रॅम, लेन्स ६३५, म्हणजे सव्वा किलो. पी१००० एकटाच १४०० ग्रॅमच्या वर. ज्यांचा खांदा आधीच धरलाय त्यांना हे महत्त्वाचं. खर्च मात्र दुपटीच्या घरात जातो आणि तो करावा की नाही हे त्यांनी वहिनींशी बोलून ठरवलं. दोन महिने लागले. जे वाघासाठी ताडोब्याला जातात त्यांना १८०-६०० सारख्या लेन्सा लागतील. त्या दोन किलोच्या आसपास भरतात, हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

तरुण मंडळींचे दोन प्रश्न होते. व्हिडिओसाठी सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० दोन्ही छान आहेत, स्क्रीन तुमच्याकडे वळते. पण दोघांनाही डोळा लावायची काच नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत भर दुपारी स्क्रीनवर स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. आणि आधी माईक घ्या. चित्र थोडं कमी असलं तर लोक बघतात, आवाज फुटला की पुढे जातात. दुसरा प्रश्न फुजीच्या एक्स१००-सिक्सचा. सुंदर कॅमेरा आहे, हातात घेतला की ठेववत नाही. एकच लेन्स, ती बदलता येत नाही, झूम नाही, दीड लाखाच्या पुढे किंमत. रस्त्यावरून चालत माणसं टिपणाऱ्याने जरूर घ्यावा. रीलमध्ये पाहिला म्हणून घेणार असाल, तर तो सहा महिन्यांत माझ्याकडे विकायला येईल. मी थांबायला तयार आहे.

आता माझा स्वतःचा हुकलेला फोटो.

या स्मरणिकेत आपल्या पहिल्या वॉचमनकाकांवर एक पान करायचं ठरलं. अकरा वर्षं ते गेटवर होते. आज जी मुलं नोकरीला लागलीत, त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी हात धरून शाळेच्या बसमध्ये चढवलंय. ते गावी गेले आणि तिकडेच वारले. समितीने सहज म्हटलं, "तुमच्याकडे फोटो असेलच." होतेच. डिजिटल कॅमेरा घेतल्यावर मी त्यांचे कितीतरी फोटो काढले होते, मुलांबरोबर, पावसात छत्री धरलेले, एकदा तर गणपतीत नाचतानाचेही. सगळे एका हार्ड डिस्कवर. ती एक दिवस टकटक आवाज करून बंद पडली. दोन ठिकाणी दाखवली, काही निघालं नाही. दुसरी प्रत ठेवायची हे मला कळत होतं. रविवारी करू, रविवारी करू म्हणत राहिलो.

शेवटी फोटो सापडला तो याशिकाच्या काळातल्या अल्बममध्ये. २००१ चं ध्वजवंदन. काका कडेला आहेत, अर्धे झेंड्याच्या खांबामागे, सलाम करताना. पोस्टकार्डाएवढा प्रिंट, थोडा पिवळा पडलाय. तोच स्कॅन करून पानावर घेतलाय. माझ्याकडचा सगळ्यात साधा कॅमेरा होता तो.

म्हणून कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये दोन हार्ड डिस्क धरा. एक घरी, एक नातेवाइकाकडे. आणि वर्षाला वीस-पंचवीस फोटो छापून घ्या. स्मरणिकेसाठी फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता पाठवलात तर तो आक्रसतो आणि छापताना पाव पानाच्या वर ताणता येत नाही.

येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात स्कॅनर घेऊन बसणार आहे. जुने अल्बम घेऊन या, फोटो तिथेच स्कॅन करून लगेच परत देईन. कुणाच्या बारशाच्या, मुंजीच्या फोटोत मागे गेट दिसत असेल तर तो आधी आणा. कदाचित काका त्यात समोरून असतील.

चहा आलेला दिसतोय. प्रश्न चहाबरोबर घेऊ.