न हलणारं जाळं



संगणकावर बोल असं मला सांगितलंय. मी माझ्या एका फसलेल्या हुशारीबद्दल बोलते.

काही वर्षांपूर्वी पाचूबंदरला आपल्या एका वर्गमित्राकडे गेले होते. त्याच्या वडिलांना मी मोबाइलवर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा नकाशा दाखवला. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य टिपतात. थंड आणि उबदार पाणी जिथे भेटतं, तिथे खाद्य वाढतं आणि मासा जमतो. ती जागा संस्था मच्छीमारांना कळवते. मी ऐटीत म्हटलं, “काका, आता मासा शोधायला नको.”

काका म्हणाले, “बाय, माझी डोल उचलून तिथं नेशील का?”

मी गप्प! डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. ते माशामागे जात नाही. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा त्यात येतो. उधाणाला ओढ जोरात, भांगेला मंद. मी ‘कुठे’ सांगत होते, त्यांना हवं होतं ‘कधी’.

मग घरी येऊन मी नीट वाचलं. आपल्याकडे समुद्राचं पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतं, जानेवारी-फेब्रुवारीत २५ च्या जवळ येतं. पावसाळ्यात वैतरणा आणि उल्हास नद्या खाड्यांतून गाळ नि पोषणद्रव्यं आणतात. हिवाळ्यात कोरड्या वाऱ्याने उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी गार, जड होऊन खाली जातं आणि खालची पोषणद्रव्यं वर येतात. त्याच कोरड्या हवेत आपले बोंबील वलांडीवर सुकतात. चार-पाच अंशांवर एवढं सगळं अवलंबून!

आता अरबी समुद्र तापतोय. एके काळी मुख्यतः केरळ-कर्नाटकात मिळणारी तारली उत्तरेकडे सरकली आहे. मासा जागा बदलू शकतो. मोठी बोट त्याच्यामागे जाऊ शकते. डोल जाऊ शकत नाही. आणि अवेळी पाऊस आला, तर वलांडीवरचा मालही जातो.

काकांच्या घरी भिंतीवर कॅलेंडर होतं. रोजच्या चौकोनात किती टोपल्या मिळाल्या ते पेन्सिलीने लिहिलेलं. जुनी कॅलेंडरं कुठे आहेत, असं मी विचारलं. “चुलीत,” काकू म्हणाल्या.

उपग्रहांनी टिपलेलं समुद्राचं तापमान १९८१ पासूनचं उपलब्ध आहे. आपल्या डोलीत त्या दिवशी काय आलं, हे मात्र कुठल्याच उपग्रहाला माहीत नाही. ते काकांसारख्यांच्या पेन्सिलीतच आहे.

म्हणून पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या माझ्या मित्रांनो, घरात अशी कॅलेंडरं, वह्या असतील तर जाळू नका. मला द्या. मी टाइप करून तापमानाशेजारी मांडते आणि मूळ वही परत करते. शाळेत तुमच्या वह्या उतरवून घ्यायची मला सवय आहेच, बाईंना ठाऊक आहे.

जेवणाआधी भेटा.