मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी आणि वर्गातील ‘ढ’ मूल
(केंद्रातील शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या पाठात मेंदू, मेरुरज्जू व मज्जातंतू यांची आकृती फळ्यावर काढली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. ज्या मेंदूविषयी पाठ चालतो तो समोरच्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात त्याच वेळी काम करीत असतो, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

शरीराचा कारभार दोन यंत्रणांनी चालतो. पहिली मज्जासंस्था. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या सर्व शरीरभर पसरलेल्या असतात. त्यांतील अतिवेगवान तंतूंतून निरोप सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. दुसरी यंत्रणा अंतःस्रावी ग्रंथींची. या ग्रंथींना नळी नसते. त्यांचा स्राव, म्हणजेच संप्रेरक, सरळ रक्तात मिसळतो. मज्जातंतूचा निरोप नेमक्या जागी व तत्काळ पोहोचतो. ग्रंथीचा निरोप दवंडीप्रमाणे साऱ्या गावातून फिरतो, आणि ज्याच्यासाठी तो असेल तोच त्याची दखल घेतो. दोहोंची गाठ मेंदूच्या तळाशी पडते. तेथे वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी मेंदूच्या हुकमाखाली राहून इतर कित्येक ग्रंथींना कामाला लावते.

मूल घाबरले म्हणजे या दोन्ही यंत्रणा एकदम जाग्या होतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना मज्जातंतू इशारा देतात, ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. ही तयारी पळण्याची वा झुंजण्याची असते. सतराच्या पाढ्याची नव्हे. घरी घडाघडा म्हणणारे मूल फळ्यापुढे का अडखळते, याचे एक कारण येथे सापडते. छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरविली; शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती त्यापूर्वीही निरुपयोगीच होती.

परंतु खरा प्रश्न त्या मुलांचा आहे, ज्यांच्यावर ‘ढ’, ‘उनाड’ किंवा ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसतो आणि ज्यांचा दोष वस्तुतः शरीरात असतो.

एखादी मुलगी धडा वाचता वाचता मध्येच थांबते. डोळे शून्यात लागतात, पापण्या किंचित फडफडतात. दहा-पंधरा सेकंदांनी ती पुन्हा वाचू लागते, पण ओळ हरवलेली असते. ‘लक्ष कोठे आहे?’ असे विचारले असता तिला उत्तर देता येत नाही, कारण तेवढा काळ तिच्यापुरता घडलेलाच नसतो. हा अपस्माराचा एक प्रकार आहे. यात मूल खाली पडत नाही, फेस येत नाही; म्हणून कोणाला संशयही येत नाही. असे झटके दिवसातून अनेकदा येऊ शकतात. स्वप्नात रमलेले मूल हाक मारल्यावर किंवा खांद्याला स्पर्श केल्यावर भानावर येते, झटक्यातील मूल येत नाही. एवढी परीक्षा कोणत्याही शिक्षकाला करता येईल. पुष्कळ मुलांचे हे झटके औषधाने थांबतात. गंडा-दोरा व देवऋषी यांत वर्षे घालविण्याचे कारण नाही.

दुसरे मूल दर तासाला ‘गुरुजी, एकीला जाऊ?’ म्हणून उभे राहते आणि येताना माठावर थांबते. त्याला उनाड ठरविणे सोपे असते. पण तेच मूल भरपूर जेवूनही वाळत चालले असेल, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागली असेल, तर स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरणे बंद होत आले असण्याचा संभव आहे. १९२१ साली टोरांटो येथे बॅंटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. त्यापूर्वी असे मूल सहसा वर्ष-दोन वर्षांपेक्षा अधिक जगत नसे. आज ते शाळा पुरी करून संसार करू शकते. मात्र रोग वेळेवर ओळखला गेला पाहिजे. उलट्या व खोल, जोराचा श्वास सुरू झाला तर एक तासही दवडू नये. इन्सुलिन घेणारे मूल वर्गात असल्यास टेबलाच्या खणात साखर ठेवावी. त्याला घाम सुटून थरथर होऊ लागली की ती लगेच द्यावी. ते बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये व तत्काळ रुग्णालय गाठावे.

तिसरे मूल वर्गात सर्वांत शांत, त्यामुळे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. उंची वाढत नाही, थंडी अधिक वाजते, कातडी कोरडी, आवाज घोगरा, हालचाल मंद. गळ्यातील अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉईडला, आपले संप्रेरक बनविण्यास आयोडीन लागते. प्रौढाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅमही भरत नाहीत. तेवढ्यावाचून गलगंड होतो, आणि गर्भातील अर्भकाला ते मिळाले नाही तर बुद्धीची जी हानी होते ती पुढे भरून निघत नाही. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त, तर एका भागात साधे मीठ पुरवून शाळकरी मुलांचे गळे तपासले. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. १९६२ मध्ये भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तरीही शालेय आहाराच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा उघडा, चुलीशेजारी, ओलसर पडलेला दिसतो. मीठ झाकून ठेवावे, खडे धुऊ नयेत आणि शक्यतो ते स्वयंपाकाच्या शेवटी घालावे.

रोगनिदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. नोंद ठेवणे हे आहे. वर्षातून दोनदा भिंतीवरील खुणेशी उंची मोजून हजेरीपटाच्या मागे लिहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलांची नावे, दिसलेली लक्षणे व तारखा असा कागद तयार असावा. तहान व वारंवार लघवी असलेले मूल मात्र या यादीत घालून पथकाची वाट पाहू नये. त्याच्या पालकांना बोलावून त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासण्यास पाठवावे.